जुईचा मनांक

वीज मंडळात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस भरारी पथकात. भरारी पथक म्हणजे वीजचोरी पकडणारी गाडी. आमची गाडी गावात शिरली की तारांवर टाकलेले आकडे पटापट खाली यायचे आणि लोक दारात येऊन उगाचच हसायचे. त्या हसण्यावरून मी घर निवडायचो. न ओळखता चहाचा आग्रह करणारा माणूस दिसला, किंवा नेमकं मीटरवरच लटकवलेलं कॅलेंडर दिसलं, की मला पुढचं काही विचारावं लागत नसे. माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही, असं मी खात्यात आलेल्या नव्या पोरांना शिकवायचो. मीटर बिघडू शकतो, पण त्याला कुणाची बाजू घ्यायची नसते.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते या शिकवणीच्या जोरावरच केलं.

जुई माझी नात, चार वर्षं दोन महिन्यांची. मुलगा हर्षद पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असतो; सोमवारी जातो तो शुक्रवारी संध्याकाळी येतो. सून केतकी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. माझी पत्नी शालन तीन वर्षांपूर्वी गेली. कऱ्हाडातल्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. गळीत हंगाम सुरू झाला की केतकीची पाळी एक आठवडा पहाटे चारची आणि एक आठवडा दुपारी बाराची. पहाटेच्या पाळीच्या आठवड्यात जुईला उठवणं, आंघोळ, डबा, केसांच्या बटेखाली तीट, बालवाडीत सोडणं, सगळं माझ्याकडे. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात सकाळचं सगळं केतकी बघायची.

डिसेंबरच्या एक तारखेला आम्हा तिघांच्याही फोनवर एकच निरोप आला. ‘जुई हर्षद तांबवेकर. नोव्हेंबर महिन्याचा मनांक ३६. पालकांनी समुपदेशकांची भेट घ्यावी.’

मनांक हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. त्या जूनपासून सगळ्या बालवाड्यांत बालमन योजना सुरू झाली होती. पहिल्याच पालकसभेत योजनेच्या समुपदेशक घाडगे मॅडम आल्या. मोठ्यांना येतं तसं नैराश्य तीन-चार वर्षांच्या मुलांनाही येऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा निम्मी सभा हसली. मागच्या बाकावरचा एक बाप म्हणाला, “मॅडम, ह्यांना कसलं आलंय टेन्शन? ना हप्ते, ना साहेब.”

मॅडम रागावल्या नाहीत. “लहान मूल उदास झालं की ते कोपऱ्यात बसून रडतंच असं नाही,” त्या म्हणाल्या. “ते खेळतं, पण खेळात त्याला मजा येत नाही. आपल्याला ते फक्त शांत वाटतं. आपण म्हणतो, किती गुणी आहे.”

मग त्यांनी मेंदूचं सांगितलं. पहिल्या पाच वर्षांत मेंदूत जोडण्यांचं जाळं भराभर विणलं जातं, आणि मग छाटणी सुरू होते. ज्या जोडण्या रोज वापरात असतात त्या टिकतात, बाकीच्या जातात. मूल या वयात महिनोन्‌महिने आनंदावाचून राहिलं, तर छाटणीत आनंदाच्याच जोडण्या जाऊ शकतात. मोठेपणी त्या पुन्हा उभ्या करणं फार जिकिरीचं. म्हणून पाचच्या आत पकडायला हवं.

पकडायला त्यांनी एक कपाळपट्टी आणली होती. मऊ रबराची, आतून सोळा बारीक मणी बसवलेली. काही मण्यांतून लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश निघतो. तो कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो. प्राणवायू असलेलं रक्त आणि प्राणवायू देऊन टाकलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि परत आलेल्या प्रकाशावरून बाकीचे मणी ते ओळखतात. रोज खाऊनंतर प्रत्येक मुलाला पाच मिनिटं पट्टी लावायची, समोर साबणाचे फुगे सोडायचे, पडद्याआडून बाहुलं काढायचं. त्या क्षणाला कपाळामागचा मेंदू किती उसळी घेतो, तो मनांक. एखादा मणी जरी थंड राहिला तरी आकडा खाली येतो. शून्य ते शंभर. महिन्याची सरासरी चाळीसच्या खाली गेली तर समुपदेशक, दुसऱ्या महिन्यात घरभेट, तिसऱ्या महिन्यात समिती. समितीला वाटलं तर मुलाला नव्वद दिवस साताऱ्याच्या बालविसावा केंद्रात ठेवायचं. आईनं रविवारी येऊन भेटायचं.

मला ती पट्टी फार आवडली. इतकी वर्षं माणसांच्या आत काय चाललंय ते मला चेहऱ्यावरून ताडावं लागत होतं. आता आत मीटर बसला होता.

तर, छत्तीस. हर्षद फोनवर म्हणाला, “आबा, मशीन आहे. चुकत असेल.”

“मशीन उगाच चुकत नाही,” मी म्हणालो.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पोरगी उदास आहे याचा अर्थ घरात कुठेतरी गळती आहे. घरात मोठी माणसं तीन. हर्षद पाच दिवस डोंगरावर. मी स्वतःला सुरुवातीलाच वगळलं, कारण तपासणारा माणूस स्वतःच्या घराचा मीटर कधी तपासत नाही. उरली केतकी.

एकदा तिच्याकडे त्या नजरेनं बघायला लागलो आणि पुरावे मिळतच गेले. पाळीवरून आली की ती डोळे मिटून पडायची आणि जुई शेजारी बसून बडबडत असायची. ती नुसतं “हो का” म्हणायची, आणि जुईनं उलटं विचारलं की तिला काहीच सांगता यायचं नाही. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर मात्र खळखळून हसायची. एकदा जुईनं दुधाचा पेला सांडला तर केतकी ओरडली नाही, समजावलं नाही, गुपचूप फडकं घेऊन पुसलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी जुन्या सवयीनं खिशात छोटी वही ठेवली, आणि तारीख, वेळ, घटना असं लिहायला लागलो.

शनिवारी ती वही मी हर्षदला वाचून दाखवली. त्याचा चेहरा उतरला. जेवताना त्यानं केतकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “तू खेळतेस ना गं तिच्याशी?”

“म्हणजे?”

“म्हणजे, खेळतेस ना.”

केतकीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. त्या दिवसापासून ती दोघं माझ्यासमोर एकमेकांशी मोजकंच बोलू लागली.

डिसेंबरचा मनांक बत्तीस आला. घाडगे मॅडम घरी आल्या, प्रत्येकाशी वेगवेगळ्या बोलल्या. ‘घरातील ज्येष्ठांचे निवेदन’ असा एक अर्ज होता, त्यावर मी दीड पान लिहून दिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘आई शरीराने घरात असते, मनाने नसते.’ हे वाक्य जमल्याचा मला अभिमान वाटला होता. खात्यातही माझे पंचनामे चांगले मानले जायचे.

त्यानंतर घर फार छान वागायला लागलं. मी बैठकीच्या खोलीत आलो की केतकी मोठ्यानं गाणं म्हणत ठोकळ्यांचा किल्ला बांधायला घ्यायची. तिचे हात किल्ल्यावर असायचे आणि डोळे माझ्या पेनाकडे. हर्षद व्हिडिओ कॉलवर जुईला रोज तोच विनोद सांगायचा. आणि जुई एकदम शहाणी झाली. चपला जोडीनं ठेवायची. ताटात पडेल ते खायची. दुकानासमोरून जाताना हट्ट नाही, आंघोळीला पळापळ नाही. कुणी तिच्याकडे बघितलं की हसायची, आणि बघणं थांबलं की तिचं हसणंही थांबायचं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “तांबवेकर काका, तुमची नात म्हणजे अगदी शिस्तीची हो.” मी वहीत त्याची नोंद ‘सुधारणा’ अशी केली.

आज ते पान आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जानेवारीचा मनांक आला सव्वीस. तिसरा महिना. समितीची तारीख लागली पुढच्या गुरुवारची. कागद पालकांना आधी देण्याचा नियम आहे, हे मला माहीत नव्हतं. केतकी पाळीवरून आली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात माझं दीड पान होतं.

“‘मनाने नसते,’” तिनं वाचलं. “आबा, पहाटे चारला मी तिथे उसाच्या रसाचे नमुने तपासत असते ना, तेव्हा माझं मन इथंच असतं. ती उठली असेल का, पांघरूण काढून टाकलं असेल का. घरी येईपर्यंत माझ्यात बोलायचं त्राण उरत नाही. हे तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.”

तिनं कागदाची घडी घातली.

“मी राजीनामा देते,” ती म्हणाली. “समितीला तसं लिहून देते. तुम्ही आणखी काय म्हणाल ते करते. फक्त तिला नेऊ देऊ नका. नव्वद दिवस ती माझ्याशिवाय नाही हो राहायची.”

चोर सापडला की माझी छाती हलकी व्हायची. त्या दिवशी तसं काही झालं नाही. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. मला वाटलं, प्रकरण अजून पक्कं झालेलं नाही म्हणून आपल्याला अस्वस्थ वाटतंय. ते पक्कं करायला मी बालवाडीच्या नलूताईंकडे रोजचे आकडे मागितले. महिन्याची सरासरी हा प्रकार मला नोकरीपासूनच आवडत नाही. सरासरीत सगळं दडपता येतं. रोजचं रीडिंग मांडलं की कुठल्या दिवशी काय झालं ते कळतं.

नलूताईंनी तीन महिन्यांचे कागद दिले. मी घरी येऊन तक्ता आखला. एका बाजूला केतकीच्या पहाटेच्या पाळीचे आठवडे, दुसऱ्या बाजूला दुपारच्या पाळीचे. केतकी सकाळी घरी असते ते आठवडे खाली जाणार, याची मला खात्री होती. आकडे भरायला घेतले. नोव्हेंबरातला तिचा एक आठवडा: ६४, ६१, ६५, ६२, ६३. माझा आठवडा: ९, ११, १०, ८, १२.

पाळ्यांचे आठवडे उलटे धरले असतील म्हणून कारखान्याच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिलं, तीनदा पाहिलं. बरोबर होतं. आईनं तयार करून पाठवलेली जुई फुगे बघून खूश व्हायची. मी तयार करून पाठवलेल्या जुईला काहीच वाटायचं नाही. तक्ता सरळ माझ्याकडे बोट दाखवत होता.

मी खुर्चीत बसून राहिलो. शालन गेल्यावर या पोरीनं मला जगवलं होतं. सकाळी तिचे केस विंचरताना मी जुनी गाणी गुणगुणायचो, ती माझ्या कानाला हात लावून बसायची. ते सगळं तिला नकोसं होतं, असा त्याचा अर्थ होत होता. मला रडू आलं. पोरगी आत झोपली होती म्हणून मी तोंडावर पंचा धरला.

थोड्या वेळानं डोळे पुसले आणि पुन्हा तक्ता घेतला. तेव्हा लक्षात आलं की हे आकडे माणसाचे वाटत नाहीत. माणसाचं मन चढतं-उतरतं, रेंगाळतं. शुक्रवारी बारा आणि सोमवारी चौसष्ट, असं खटका दाबल्यासारखं ते बदलत नाही. असला आलेख मी हजार वेळा बघितला होता. ही छेडछाड होती. माझ्याच आठवड्यात कुणीतरी मीटरला काहीतरी करत होतं.

आणि खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या मनात पहिलं नाव केतकीचंच आलं. मला अडकवायला ती पट्टीत काहीतरी करत असणार, असं मला वाटलं. संशयाची सवय अशी असते.

आठवडा माझाच होता. सोमवारी खाऊच्या वेळेला मी काही न कळवता बालवाडीत जाऊन उभा राहिलो. भरारी पथक कळवून जात नाही. नलूताईंनी जुईला स्टुलावर बसवलं, कपाळावरची बट वर केली, पट्टी चढवली. पाच मिनिटं फुगे उडाले. जुई आधी नलूताईंच्या तोंडाकडे बघायची, मग फुग्यांकडे बघून हसायची. त्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष पट्टीकडे होतं. पट्टी निघाल्यावर, नलूताई पुढच्या मुलासाठी ती पुसायच्या आत, मी ती मागून घेतली आणि उलटी केली. डावीकडच्या तिसऱ्या मण्यावर काळसर चिकट डाग होता. मी तो बोटावर घेतला. त्याला एरंडेलाचा आणि कापराचा वास होता. तो वास मी रोज सकाळी घेत होतो.

तिटेचं सांगतो. हर्षद लहान असताना शालन रोज त्याच्या कपाळावर काजळाची तीट लावायची. ती गेल्यावर ते काम मी जुईसाठी उचललं. माझा दृष्ट लागण्यावर विश्वास नाही. पण लोकांच्या नजरेवरही भरवसा नाही, आणि तीट लावायला तेवढं पुरतं. केतकीनं जुईच्या जन्मापासूनच काजळ बंद केलेलं होतं, कारण बाजारच्या काजळात काय काय असतं ते तिला माहीत होतं. म्हणून मी उंब्रजच्या माझ्या बहिणीकडून, आक्काकडून, घरी धरलेलं काजळ आणायचो. केतकीला दिसू नये म्हणून बटेखाली लावायचो आणि दुपारी जुई घरी आली की ओल्या अंगठ्यानं पुसून टाकायचो.

बालवाडीच्या पायरीवर बसून मी विचार केला. गप्प राहण्याचा मोह झाला, हे लपवत नाही. उद्यापासून तीट बंद केली की आकडा आपोआप चढणार होता आणि कुणाला काही कळणार नव्हतं. पण समिती गुरुवारी बसणार होती, आणि समितीसमोर तीन पडलेले महिने आणि माझं दीड पान असणार होतं. जुई साताऱ्याला गेली असती.

केतकी साडेबाराला आली. मी म्हणालो, “केतकी, बस जरा.”

“आणखी कशावर सही करायची आहे का?”

मी काजळाची डबी टेबलावर ठेवली. “हे मी तिला लावतो. तुझ्या पहाटेच्या पाळीच्या आठवड्यात. बटेखाली. पट्टीचा मणी बरोबर त्यावर बसतो.” आणि तक्ता तिच्यासमोर सरकवला.

तिनं तक्ता वाचला. मग डबी उघडली, करंगळीनं थोडं काजळ घेतलं आणि काचेच्या बशीवर पसरलं. बशी खिडकीच्या उजेडात धरली.

“ही काजळी म्हणजे कार्बन,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “प्रकाश पिऊन टाकतो. थर जाड असता तर यंत्राला कळलं असतं की मणी कपाळाला लागलेलाच नाही, आणि त्यानं तो मणी सोडून दिला असता. पण हा पुसट आहे. थोडा प्रकाश जातो, थोडा येतो. यंत्राला वाटतं मणी नीट चालू आहे आणि मेंदूच हलत नाही.” तिनं बशी खाली ठेवली. “आम्ही रसाचा रंग असाच मोजतो, आबा. प्रकाश सोडायचा, पलीकडे किती पोचला बघायचं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी एकच शिकवते. रसाला नावं ठेवायच्या आधी काच पुसा.”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. चौतीस वर्षांत मी एकाही ग्राहकाला हे म्हटलं नव्हतं.

“काजळ लावलंत त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “प्रेमानं लावलंत. पण दोन महिने तुम्ही मला एक प्रश्न विचारला नाहीत. लिहीत बसलात.” मग ती उठली, बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

गुरुवारी समितीसमोर मी निवेदन मागे घेतलं, तक्ता मांडला, डबी ठेवली. समितीतल्या डॉक्टरांनी बोटाला काजळ लावून पाहिलं आणि मान हलवली. सगळ्या बालवाड्यांना कपाळ पुसून पट्टी लावण्याची सूचना काढू, असं अध्यक्ष म्हणाले. रजा टाकून आलेल्या हर्षदनं केतकीचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मला वाटलं, संपलं.

“एक मिनिट,” घाडगे मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याच तक्त्यावर पेन्सिलीनं रेघा मारत होत्या. “काजळाचे आठवडे मी काढून टाकले. उरलेले बघा. हे आकडे स्वच्छ आहेत, यात यंत्राची काही चूक नाही. नोव्हेंबरात त्रेसष्ट. डिसेंबरात चोपन्न. जानेवारीत एक्केचाळीस.”

त्यांनी तक्ता अध्यक्षांकडे सरकवला.

“नोव्हेंबरात ही मुलगी ठणठणीत होती,” मॅडम म्हणाल्या. “आता खरोखरच घसरतेय. एक डिसेंबरनंतर घरात काय झालं?”

तो उतार माझ्या हातानं आखलेल्या तक्त्यात होता आणि मला दिसला नव्हता. मी फक्त दोन बाजूंमधला फरक बघत होतो, कारण मला गुन्हेगार हवा होता. मला जुईचं फुग्यांआधी नलूताईंच्या तोंडाकडे बघणं आठवलं. हसायचं की नाही ते ती विचारून घेत होती. जोडीनं ठेवलेल्या चपला आठवल्या, आणि वहीतलं ‘सुधारणा’.

केतकीला सांगता आलं असतं. तिचा तो हक्क होता. ती टेबलाकडे बघत बसली.

“माझी वही झाली, मॅडम,” मी म्हणालो. “यंत्रानं खोटा आकडा दिला होता. तो खरा करायचं काम मी केलं.”

जुईला साताऱ्याला न्यायचं नाही असं ठरलं. वेळेत कळलंय, या वयात मेंदू जितका लवकर बिघडतो तितकाच लवकर सावरतोही, असं डॉक्टर म्हणाले. औषध एकच दिलं. रोज अर्धा तास आई आणि मूल, जुई म्हणेल तो खेळ, आणि तेव्हा कुणी बघायचं नाही, कुणी लिहायचं नाही. बाकी वेळीही घरानं तिच्यावर पाळत ठेवायची नाही.

मी उंब्रजला आक्काकडे राहायला आलो. मला कुणी जा म्हणालं नाही. बॅग भरताना केतकीनं माझ्या गोळ्यांची पिशवी आणून दिली, डबा दिला. राहा, असं मात्र ती म्हणाली नाही. मी त्याची वाट बघत होतो, हे कबूल करतो. योजनेच्या अ‍ॅपमधून माझं नाव मी स्वतः काढलं. नाहीतर रोज सकाळी आकडा बघितला असता आणि रोज संध्याकाळी कारण शोधलं असतं.

रविवारी दहाला केतकी फोन करते. पहिले काही रविवार जुई फोनवर आली नाही. मीही बोलाव म्हणालो नाही. मनांक केतकी स्वतःहून सांगायची. फेब्रुवारीत चव्वेचाळीस. मार्चमध्ये एक्कावन्न. मी ऐकायचो आणि फोन ठेवल्यावर डोक्यात चक्र सुरू व्हायचं. खरंच एक्कावन्न असेल का? मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल? की आकडा याहून चांगला असेल, आणि मी परत येऊ नये म्हणून कमी सांगत असेल? पडताळायला माझ्याकडे काही नव्हतं.

परवाच्या रविवारी ती सांगत होती, “आबा, एप्रिलचा सत्तावन्न,” आणि तेवढ्यात मागे काहीतरी मोठं पडलं. काचेचं असावं. त्यावर स्टीलचं काहीतरी घरंगळत गेलं. मग जुईचा आवाज आला, घर डोक्यावर घेणारा. मागच्या हिवाळ्यात तो मला एकदाही ऐकू आला नव्हता.

“आई, आबांना सांगू नको. आबांना नाही सांगायचं.”

पलीकडे कुणीतरी तोंडावर हात दाबून हसत होतं. एकीचं नव्हतं ते हसू, दोघींचं होतं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही, आबा,” केतकी म्हणाली. “मांजर आलं होतं.”

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्यांना बारीक जाळी मी स्वतः बसवून घेतली आहे. खोटं बोलण्याआधी माणूस घेतो तो छोटा श्वासही मला फोनवर स्वच्छ ऐकू आला होता. एकोणीस वर्षांत इतकं कच्चं खोटं मला कुणी सांगितलं नव्हतं. आक्का स्वयंपाकघरातून बघत होती, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

“मांजराला लागलं नाही ना?” मी म्हणालो.

“नाही,” केतकी म्हणाली. “मजेत आहे.”

“बरं,” मी म्हणालो, आणि पुढे काही विचारलं नाही.